अंगावर काढलेले दुखणे : अफगाण निर्वासितांच्या आरोग्यगरजांचे मोजमाप

एखाद्या समाजाला आरोग्यसेवेची किती आणि कोणती गरज आहे हे ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दवाखान्याची नोंदवही उघडून कोणत्या आजाराचे किती रुग्ण आले हे मोजणे. परंतु निर्वासितांच्या बाबतीत हाच सोपा मार्ग हमखास चुकीच्या उत्तराकडे नेतो. नोंदवहीत नाव चढण्यासाठी माणसाला आधी दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचावे लागते, आणि ज्याच्यापाशी ओळखपत्र नाही, गाठीला पैसा नाही, स्थानिक भाषेचा सराव नाही किंवा वाटेत पोलीस अडवतील अशी धास्ती आहे, तो दुखणे अंगावर काढतो. अंगावर काढलेल्या दुखण्याची नोंद कोठेच होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्यासाठी औषधाची, डॉक्टरची वा निधीची तरतूदही होत नाही. चार दशकांहून अधिक काळ पाकिस्तान, इराण आणि थोड्या प्रमाणात भारतासारख्या देशांत राहत आलेल्या अफगाण निर्वासितांच्या आरोग्याचा प्रश्न समजून घ्यायचा, तर आजारांच्या यादीइतकेच दारापर्यंत न आलेल्या या रुग्णाकडे लक्ष द्यावे लागते.

चार दशकांचे विस्थापन

निर्वासित या शब्दाला आंतरराष्ट्रीय कायद्यात नेमका अर्थ आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व यांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती असल्यामुळे स्वदेशाबाहेर पडलेली आणि त्या भीतीपोटी परतू न शकणारी व्यक्ती म्हणजे निर्वासित. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर अशा माणसांचे लोंढे पूर्वेला पाकिस्तानात आणि पश्चिमेला इराणमध्ये जाऊ लागले, आणि १९९० च्या सुमारास या दोन देशांतील अफगाणांची संख्या ६० लाखांच्या पुढे गेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या, तरी त्यानंतरचे यादवी युद्ध, १९९६ मध्ये काबूलवर आलेली तालिबानची सत्ता, २००१ मधील अमेरिकेची कारवाई आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानचे पुनरागमन अशा प्रत्येक वळणावर कोणी परतले आणि कोणी नव्याने बाहेर पडले. त्यामुळे पेशावर किंवा मशहद या शहरांत आज असे अफगाण तरुण आहेत की ज्यांचा जन्मच नव्हे, तर ज्यांच्या आईवडिलांचा जन्मही निर्वासित म्हणून झाला.

या दोन यजमान देशांची स्थिती सारखी नाही. पाकिस्तानने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, तर इराण १९७६ पासून काही अटी राखून त्या कराराचा भाग आहे. पाकिस्तानात सुरुवातीला तंबूंच्या छावण्या उभ्या राहिल्या, त्यांची पुढे मातीच्या घरांची ‘निर्वासित गावे’ झाली, आणि तरीही बहुसंख्य अफगाण आज त्या गावांबाहेर, पेशावर, क्वेट्टा, कराचीच्या दाट वस्त्यांत राहतात. इराणमध्ये ‘मेहमानशहर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहतींत अगदी थोडे अफगाण आहेत. बाकीचे तेहरान, मशहद, इस्फहान, केरमान अशा शहरांत बांधकामावर, वीटभट्ट्यांवर आणि शेतांवर राबतात. छावणीतला निर्वासित मोजता येतो, कारण त्याच्या घराला क्रमांक असतो. शहरातला निर्वासित गरीब स्थानिकांच्या गर्दीत मिसळून जातो. आरोग्यगरजांच्या मोजमापातली पहिली अडचण इथूनच सुरू होते.

गरज म्हणजे नेमके काय?

‘गरज’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला असला, तरी समाजकल्याणाच्या अभ्यासात त्याचे पदर वेगळे केले जातात. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये गरजेचे चार प्रकार मांडले, आणि ते आजही उपयोगी पडतात. तज्ज्ञांनी शास्त्राच्या आधारे ठरवलेली ती मानक गरज, माणसाला स्वतःला वाटणारी ती जाणवलेली गरज, जाणवल्यानंतर तो प्रत्यक्ष मागणी करतो ती व्यक्त गरज, आणि सारख्याच परिस्थितीतल्या दुसऱ्या गटाला जे मिळते ते या गटाला मिळत नाही म्हणून दिसून येणारी ती तुलनात्मक गरज. क्वेट्ट्याच्या एखाद्या उपनगरातल्या गरोदर अफगाण स्त्रीला किमान आठ वेळा तपासणी मिळायला हवी, असे वैद्यक सांगते. तिला स्वतःला मात्र पायांवर सूज येईपर्यंत तपासणीची गरज वाटत नाही, कारण तिच्या आईची सगळी बाळंतपणे घरातच झाली. सूज आल्यावर गरज जाणवते, पण सोबत यायला घरात पुरुष नाही म्हणून ती दवाखान्यात जात नाही. आणि तिच्याच गल्लीतल्या पाकिस्तानी शेजारणीकडे आरोग्यसेविका दर महिन्याला येऊन जाते. एकाच स्त्रीच्या बाबतीत चार मोजपट्ट्या चार वेगळी उत्तरे देतात, आणि दवाखान्याच्या नोंदवहीतून यांपैकी केवळ तिसरी, म्हणजे व्यक्त गरज, दिसू शकते. इथे तीही शून्य दिसते.

जाणवलेली आणि व्यक्त झालेली गरज यांतले अंतर किती मोठे असू शकते, हे मराठी वाचकाला गडचिरोलीच्या उदाहरणावरून ठाऊक आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या स्त्रियांची गावातच तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि त्यांतल्या फारच थोड्या स्त्रियांनी त्यासाठी कधी डॉक्टर गाठला होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने दवाखान्यातली आकडेवारी आणि घरातले वास्तव यांतली दरी जगापुढे ठेवली. गडचिरोलीच्या स्त्रियांकडे निदान नागरिकत्व होते. अफगाण निर्वासित स्त्रीकडे तेही नसते.

गरजेची जोडीदार संकल्पना म्हणजे पोहोच. सेवा अस्तित्वात असणे आणि ती माणसाच्या पदरात पडणे या दोन वेगळ्या गोष्टी असून, त्यांच्यामधला रस्ता अभ्यासक पाच टप्प्यांत मोजतात. सेवा पुरेशा प्रमाणात आहे का, ती अंतराने गाठता येते का, तिच्या वेळा आणि पद्धती रुग्णाच्या दिनक्रमाला सोयीच्या आहेत का, ती परवडते का, आणि रुग्णाला व त्याच्या घराला ती मान्य होण्याजोगी आहे का, असे ते पाच प्रश्न होत. यांतल्या एका जरी प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तरी उरलेली चार ‘होय’ कामाची राहत नाहीत.

मोजायचे कसे आणि विचारायचे कोणी?

लोंढा नुकताच आलेला असतो तेव्हा मोजमाप साधे आणि तातडीचे असते. दररोज दर १०,००० लोकांमागे एकापेक्षा अधिक मृत्यू होऊ लागले, किंवा पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण दोनाच्या वर गेले, तर ती आणीबाणी समजली जाते. मुलांचे कुपोषण जोखण्यासाठी दंडघेर मोजतात. महाराष्ट्रातल्या अंगणवाडीसेविकांच्या हाती असते तशीच ही रंगीत पट्टी दंडाभोवती गुंडाळली, की सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास तीव्र आणि ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असल्यास मध्यम कुपोषण धरले जाते. या पट्टीला वजनकाटा लागत नाही, वीज लागत नाही आणि भाषाही लागत नाही.

वास्तव्य वर्षांवरून दशकांवर गेले, की प्रश्न गुंतागुंतीचे होतात. घरोघरच्या पाहणीत सर्वसाधारणपणे असे विचारले जाते की गेल्या काही आठवड्यांत घरात कोण आजारी पडले, उपचार कोठे घेतले, किती खर्च आला, तो कोठून उभा केला आणि उपचार घेतले नसतील तर का घेतले नाहीत. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा असतो, कारण दवाखान्यात तो कोणी विचारू शकत नाही. पण ही पाहणी करायला घरांची यादी हवी. छावणीत ती मिळते. शहरात मिळत नाही, म्हणून एका ओळखीच्या कुटुंबाकडून दुसऱ्याचा पत्ता घेत नमुना वाढवला जातो. अशा साखळीत जे सर्वांत एकटे, सर्वांत लपलेले आणि बहुधा सर्वांत आजारी असतात, तेच सुटतात. दूरध्वनीवरून केलेल्या पाहणीत तर फोन घरातल्या पुरुषाकडे असल्यामुळे स्त्रियांच्या दुखण्याची माहितीही त्याच्याच तोंडून येते.

म्हणूनच कोण विचारते याला महत्त्व आहे. पश्तो बोलणाऱ्या घरात दरी भाषेतून विचारले, हजारा समाजाच्या कुटुंबाकडे त्यांचा अविश्वास असलेल्या गटातला माणूस पाठवला, किंवा प्रसूतीविषयीचा प्रश्न पुरुषाने केला, तर उत्तर मिळते, पण ते खरे असेलच असे नाही. स्त्री प्रश्नकर्तीशिवाय अफगाण स्त्रीच्या आरोग्याची पाहणी होत नाही, हा या क्षेत्रातला जवळजवळ निरपवाद अनुभव आहे.

काय आढळले?

पाकिस्तानातल्या अफगाण वसाहतींत १९९९ आणि २००० या वर्षांतल्या मातामृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी प्रजननवयातल्या प्रत्येक स्त्रीच्या मृत्यूची घरी जाऊन तोंडी चौकशी करण्यात आली. म्हणजे मरणापूर्वी काय काय घडले हे नातेवाइकांना विचारून मृत्यूचे कारण निश्चित केले गेले. दर एक लाख जिवंत जन्मांमागे २९१ मातामृत्यू असे प्रमाण त्यातून निघाले, आणि या वयातल्या स्त्रियांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बाळंतपणाशी निगडित असल्याचे दिसले. हा आकडा वाचताना तुलनात्मक गरजेची मोजपट्टी उपयोगी पडते. भारतात त्याच सुमारास हे प्रमाण ३२७ होते, तर खुद्द अफगाणिस्तानात २००२ च्या पाहणीत ते १,६०० इतके भयंकर आढळले. वसाहतींत दाई प्रशिक्षण, प्राथमिक दवाखाने आणि रुग्णवाहिका होत्या, त्याचा परिणाम या तफावतीत दिसतो. तरीही वसाहतींतल्या मृत्यूंपैकी बहुतेक टाळता येण्याजोगे होते. बाळंतपणातले मृत्यू तीन विलंबांमुळे होतात असे मानले जाते: घरात निर्णय घ्यायला लागलेला वेळ, दवाखाना गाठायला लागलेला वेळ आणि दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागलेला वेळ. अफगाण वसाहतींत हे तिन्ही विलंब एकाच मृत्यूच्या कहाणीत एकत्र आलेले आढळत.

संसर्गजन्य रोगांच्या बाबतीत अफगाण वसाहतींनी सार्वजनिक आरोग्यशास्त्राला काही मौलिक धडे दिले. वायव्य पाकिस्तानातल्या छावण्यांत हिवतापाचा मोठा प्रादुर्भाव असे, आणि तिथले लोक उन्हाळ्यात घराबाहेर खाटांवर झोपत असल्यामुळे घराच्या भिंतींवर केलेल्या फवारणीचा उपयोग मर्यादित राही. मच्छरदाणी सर्वांना परवडत नसे. पण अफगाण माणसाच्या अंगावर एक वस्तू कायम असते, ती म्हणजे चादर. दिवसा ती पांघरायची, त्यावर बसायचे, तिच्यात सामान बांधायचे आणि रात्री तीच अंगावर घेऊन झोपायचे. संशोधकांनी याच चादरी परमेथ्रिन या कीटकनाशकाच्या द्रावणात बुडवून वाळवल्या, आणि त्या वापरणाऱ्यांत हिवतापाचे प्रमाण कमी झाल्याचे १९९९ मध्ये दाखवून दिले. त्या भागातले डास माणसापेक्षा गुराढोरांना अधिक चावतात हे ध्यानात घेऊन पुढे हंगू जिल्ह्यातल्या वसाहतींत गाईगुरांचे अंग कीटकनाशकाच्या द्रावणाने पुसण्याचा प्रयोग झाला; त्याचाही परिणाम फवारणीच्या तोडीचा निघाला आणि खर्च तिच्याहून पुष्कळ कमी आला. गरजेचे मोजमाप लोकांच्या राहणीकडे बारकाईने पाहत असेल तर उपायही त्या राहणीतूनच सापडतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

दुसरा आजार म्हणजे त्वचेचा लेशमॅनियासिस. वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणाऱ्या सूक्ष्म परजीवीमुळे चेहऱ्यावर किंवा हातापायांवर फोड येतो, तो चिघळतो आणि भरायला सुमारे वर्ष लागते; म्हणून दरी भाषेत त्याला ‘सालदाना’, म्हणजे वर्षभराचा फोड, म्हणतात. काबूल हे या रोगाचे जगातले एक मोठे केंद्र असून निर्वासितांबरोबर तो सीमेपलीकडे गेला. १९९७ मध्ये दीर भागातल्या तिमरगरा छावणीत त्याची साथ आली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक रहिवाशांच्या अंगावर उघडे व्रण होते. सालदान्याने जीव जात नाही, म्हणून मृत्यू मोजणाऱ्या पाहणीत त्याला स्थान मिळत नाही. पण तो कायमचा वण ठेवतो, आणि गालावर वण राहिलेल्या मुलीचे लग्न जमणे अवघड होते, म्हणून तिच्या आईच्या लेखी तोच सर्वांत मोठा आजार असतो. पोलिओचे गणित आणखी निराळे आहे. जंगली पोलिओ विषाणूचा फैलाव अखंड चालू राहिलेले जगात दोनच देश उरले आहेत, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान, आणि विषाणू तोरखम व चमन या सीमानाक्यांच्या वाटेने माणसांबरोबर ये-जा करत असल्यामुळे दोन्ही देश मिळून रोगाचे एकच क्षेत्र मानले जाते. निर्वासितांच्या लसीकरणाची गरज ही अशा ठिकाणी यजमान समाजाचीही गरज ठरते.

मनाच्या आजारांकडे लक्ष सर्वांत उशिरा गेले. युद्ध, मृत्यू आणि विस्थापन पाहिलेल्या माणसांत नैराश्य व आघातोत्तर ताण यांचे प्रमाण जास्त असते हे अनेक अभ्यासांनी दाखवले. पण पाश्चात्त्य प्रश्नावल्या जशाच्या तशा अनुवादित करून विचारल्या, की बरेचसे हाती लागत नाही. काबूलमध्ये केनेथ मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या बोलण्यातूनच लक्षणे गोळा करून अफगाण लक्षणसूची तयार केली, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ‘जिगर खून’ असा एक शब्दप्रयोग आहे. जिगर म्हणजे यकृत, आणि जवळचे माणूस गेल्यावर किंवा दीर्घ निराशेने होणाऱ्या अवस्थेला अफगाण माणूस ‘जिगर खून झाले’ म्हणतो. काळजाला घरे पडणे, काळजाचे पाणी होणे असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. नैराश्य आहे का, असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणणारी स्त्री जिगर खून आहे का, असे विचारल्यावर बोलू लागते.

या सगळ्यांच्या जोडीला आता रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि थॅलेसेमिया यांसारखे दीर्घ मुदतीचे आजार आहेत. साथीच्या रोगावर एकदा मोहीम राबवता येते. मधुमेह्याला मात्र दर महिन्याला औषध लागते, आणि दर महिन्याला लागणारी प्रत्येक गोष्ट निर्वासिताच्या बाबतीत कागदपत्रांशी येऊन थांबते.

कागद, पैसा, सोबत आणि भीती

पाकिस्तानने २००६-०७ पासून दिलेले नोंदणीपत्र सुमारे १३ लाख अफगाणांकडे होते, २०१७ मध्ये सुरू झालेले अफगाण नागरिक कार्ड आणखी सुमारे ८ लाखांकडे, आणि उरलेल्यांकडे काहीच नव्हते. सरकारी दवाखान्यातली प्राथमिक सेवा निर्वासितांना खुली असली, तरी विमा आणि सवलतीच्या योजना नागरिकांच्या राष्ट्रीय ओळखपत्राशी जोडलेल्या असल्यामुळे शस्त्रक्रियेची वेळ आली की सारा खर्च पदरमोड करून भागवावा लागतो. इराणमध्ये गावपातळीवरच्या आरोग्यघरांतली लस, माताबाल सेवा आणि क्षयरोगाचे उपचार अफगाणांनाही मिळत आले आहेत, आणि २०१५ पासून ‘आमायेश’ या नोंदणीपत्राच्या धारकांना राष्ट्रीय आरोग्य विम्यातही प्रवेश मिळाला. अतिशय गरजू आणि थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मूत्रपिंड निकामी होणे अशा आजारांच्या रुग्णांचा हप्ता संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्तालय भरत आले. निर्वासितांना राष्ट्रीय विम्यात सामावून घेण्याचे हे जगातले एक लक्षणीय उदाहरण होय. मात्र आमायेश कार्ड जेमतेम साडेसात लाख लोकांकडे होते, तर २०२२ च्या शिरगणतीत सुमारे २६ लाख विनाकागद अफगाण पुढे आले. म्हणजे एकाच वीटभट्टीवर काम करणाऱ्या दोन भावांपैकी एकाचे डायलिसिस विम्यातून होते आणि दुसऱ्याचे होत नाही, अशी स्थिती शक्य झाली.

कागदापाठोपाठ सोबतीचा प्रश्न येतो. पश्तून घरात स्त्री सहसा एकटी बाहेर पडत नाही, आणि पुरुष डॉक्टरने तपासणे अनेक कुटुंबांना मान्य नसते. ही अडचण ओळखून डॉ. सीमा समर यांनी १९८७ मध्ये क्वेट्ट्यात निर्वासित स्त्रियांसाठी रुग्णालय सुरू केले आणि पुढे शुहदा संस्थेमार्फत दवाखान्यांचे जाळे उभारले. १९९४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. स्त्री डॉक्टर आणि स्त्री कर्मचारी असले, की ‘परंपरेमुळे स्त्रिया दवाखान्यात येत नाहीत’ हे विधान किती अपुरे आहे ते त्या रुग्णालयातल्या गर्दीने दाखवून दिले. युद्धात जखमी झालेल्यांसाठी रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९८१ मध्ये पेशावरला आणि १९८३ मध्ये क्वेट्ट्याला उभारलेली रुग्णालयेही अशीच नेमकी गरज ओळखून उभी राहिली होती.

निर्वासितांना स्वतंत्र दवाखाना द्यावा की स्थानिक व्यवस्थेतच जागा करून द्यावी, हा जुना वाद आहे. स्वतंत्र दवाखाना त्वरित उभा राहतो, पण शेजारच्या गरीब पाकिस्तानी गावाला तो खुपतो आणि देणगीदारांचा उत्साह ओसरला की बंद पडतो. २००९ पासून पाकिस्तानात निर्वासितांची वस्ती असलेल्या भागांतल्या सरकारी शाळा, नळयोजना आणि दवाखाने सुधारण्याचा संयुक्त कार्यक्रम राबवला गेला, त्यामागे दोन्ही समाजांना एकाच दारातून सेवा मिळावी हा विचार होता. दीर्घ मुदतीचे विस्थापन पाहता हाच मार्ग अधिक टिकाऊ ठरतो.

दिल्लीतल्या गल्ल्या

भारतानेही १९५१ च्या करारावर सही केलेली नाही; तरी निर्वासित उच्चायुक्तालयाचे काम दिल्लीत १९८१ पासून चालते आणि २०२१ च्या सुमारास तिथे सुमारे १५ हजार अफगाणांची नोंद होती. लाजपत नगर, भोगल, मालवीय नगर या भागांत, तसेच अफगाण शीख व हिंदूंची वस्ती असलेल्या टिळक नगरमध्ये ते राहतात. लाजपत नगरच्या परिसरात औषधांच्या दुकानांवर आणि पाहुणघरांवर दरी भाषेतल्या पाट्या दिसतात, पण त्या प्रामुख्याने वैद्यकीय व्हिसा घेऊन उपचारांसाठी येणाऱ्या अफगाण रुग्णांसाठी असतात. त्यांच्यासोबत दुभाषी असतो, रुग्णालयाशी आधीच बोलणे झालेले असते आणि बिल रोखीने चुकते होते. त्याच गल्लीत राहणाऱ्या निर्वासिताला सरकारी रुग्णालयात उपचार मिळू शकतात. परंतु केसपेपर काढताना आधार मागितले जाते, उच्चायुक्तालयाचे कार्ड खिडकीवरच्या कर्मचाऱ्याच्या ओळखीचे नसते, आणि शाळेत हिंदी शिकलेल्या मुलाला सुट्टी काढून आईचे दुखणे डॉक्टरला समजावून सांगावे लागते. आईला स्त्रीरोग असेल तर मुलगा ते सांगू शकत नाही आणि आई ते त्याच्यासमोर बोलू शकत नाही. ऑगस्ट २०२१ नंतर पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांपुढेही परतायचे कोठे हा प्रश्न उभा राहिला; कागदोपत्री ते विद्यार्थी होते, निर्वासित नव्हते, आणि निर्वासितांच्या कोणत्याही पाहणीत त्यांची गणना होण्याचे कारण नव्हते.

परतीच्या वाटेवर

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाची दिशाच बदलली आहे. पाकिस्तानने विनाकागद परदेशीयांना १ नोव्हेंबर २०२३ पर्यंत देश सोडण्याची मुदत दिली, ३० जून २०२५ रोजी नोंदणीपत्रांची मुदतही संपली आणि ती वाढवून मिळाली नाही. इराणने त्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर अफगाणांना परत पाठवले. जुलै २०२५ च्या आरंभी हेरात प्रांतातल्या इस्लाम काला नाक्यावर एका दिवसात ४० हजारांहून अधिक माणसे येत होती, आणि त्या वर्षात दोन्ही देशांतून मिळून परतलेल्यांची संख्या २० लाखांच्या पुढे गेली. हकालपट्टीची भीती ही स्वतःच आरोग्यसेवेच्या वाटेतला अडथळा असते, कारण रस्त्यावर ओळखपत्र तपासले जात असेल तर क्षयरोगाचा रुग्ण औषधाच्या पुढच्या फेरीसाठी घराबाहेर पडत नाही, आणि अर्धवट सोडलेल्या उपचारांतून औषधांना दाद न देणारा क्षय तयार होतो. सीमेपलीकडे गेल्यावर त्याचा उपचार कोठपर्यंत आला होता हे सांगणारा कागदही अनेकदा हाती नसतो.

ज्या व्यवस्थेत ही माणसे परतली तिची स्थिती नाजूक आहे. अफगाणिस्तानात २००३ पासून मूलभूत आरोग्यसेवांचा एक ठरावीक संच स्वयंसेवी संस्थांमार्फत आणि परदेशी निधीतून पुरवला जाई. ऑगस्ट २०२१ नंतर तो निधी एकदम आटला, मग तुकड्यातुकड्यांनी पुन्हा आला, आणि २०२५ च्या आरंभी अमेरिकेच्या मदतीतील कपातीनंतर मार्च महिन्यापर्यंतच दीडशेहून अधिक दवाखाने बंद पडले. डिसेंबर २०२२ मध्ये स्वयंसेवी संस्थांतल्या स्त्रियांच्या कामावर बंदी आली. आरोग्यक्षेत्राला तीतून काही सूट मिळाली, तरी अनेक ठिकाणी स्त्री कर्मचाऱ्याला घरातल्या पुरुषाच्या सोबतीशिवाय कामावर जाता येत नाही. मुलींना सहावीनंतरची शाळा बंद असताना परिचर्या आणि सुईणीचे अभ्यासक्रम हे शिक्षणाचे जे थोडे दरवाजे उघडे होते, तेही डिसेंबर २०२४ मध्ये बंद करण्यात आले.

अफगाण निर्वासितांच्या आरोग्याविषयी चार दशकांच्या पाहण्यांतून एक निष्कर्ष पुनःपुन्हा निघतो: जिथे त्यांना स्थानिक व्यवस्थेत जागा मिळाली, त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच राहणीला धरून सेवा दिली गेली आणि स्त्रियांकडे स्त्रिया पोहोचल्या, तिथे मृत्यू कमी झाले आणि खर्चही फारसा वाढला नाही. यासाठी लागणारे ज्ञान नवे शोधायचे उरलेले नाही. ते चादरीच्या प्रयोगात, इराणच्या विमा योजनेत आणि क्वेट्ट्याच्या स्त्री रुग्णालयात आधीच सिद्ध झाले आहे. उरला आहे तो कागदाचा आणि सत्तेच्या इच्छेचा प्रश्न. सुईण तयार व्हायला साधारण दोन वर्षे लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये ज्या मुलींना वर्गातून घरी पाठवले गेले, त्यांच्या वाट्याची बाळंतपणे मात्र थांबलेली नाहीत.